सलोत्र्यांचा अंगठा

जागा बघायला मी आणि आई गेलो तेव्हा घरमालकांनी आमचं नाव, गाव, नोकरी यातलं काहीच विचारलं नाही. ते सोप्यात खुर्चीवर बसले होते आणि त्यांचा उजवा पाय एका घंगाळात होता. घंगाळात पाणी कमी आणि चिखल जास्त. आम्ही नमस्कार केला. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हितनं त्या हिरीपतोर जावा आणि परत या. दोघी बी. बेतानं चाला."

आईनं माझ्याकडे बघितलं. वडील गेल्यावर सांगली सोडून आम्ही कोल्हापुरात आलो होतो. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी मला मिळाली होती, पण राहायला जागा नव्हती, आणि ओळखीच्यांच्या घरी किती दिवस काढणार. आम्ही विहिरीपर्यंत चालत गेलो आणि परत आलो.

"आईंचा डावा गुडघा धरतोय," ते म्हणाले. "वरची खोली न्हाई जमायची. खालच्या दोन घ्या." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी टाच आपटून चालताय बाई. रागीट हायसा. चालंल."

एवढ्यावर आम्हाला शाहूपुरीत घर मिळालं.

गल्लीत त्यांना सगळे सलोत्री म्हणायचे. सलोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. एका बड्या सरदारांच्या पागेत त्यांनी तीस वर्षं काढली होती. संस्थान विलीन झालं, सरदारांनी घोडी विकून टाकली, आणि हे आपल्या घरी येऊन बसले. बायको फार पूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं. आक्का नावाची त्यांची विधवा बहीण घर सांभाळायची. ते वर राहायचे, पण दिवस खाली सोप्यात काढायचे. मी त्यांना काका म्हणायला लागले. ते मला शेवटपर्यंत 'बाई'च म्हणाले, माझ्या शाळेतल्या मुलींसारखे.

समोर गुळाच्या अडती होत्या, त्यामुळे रस्त्यानं दिवसभर माणसं जायची. काका खुर्चीत बसून त्यांचे पाय बघायचे. तोंड बघायचेच नाहीत. "ह्यो उजव्या पायाला चोरतोय," असं म्हणायचे. "ह्येची कंबर गेली, अजून त्येला ठावं न्हाई." एकदा पोस्टमन पत्र द्यायला आला तर त्यांनी त्याचा खालचा ओठ अंगठ्यानं खाली ओढून हिरड्या बघितल्या आणि सांगितलं, "रगात कमी हाय तुझ्यात. पालेभाजी खा." पोस्टमन इतका गांगरला की आमचं पत्र परत घेऊन गेला.

माणसांच्या डॉक्टरांवर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. त्याचं कारणही ते सांगायचे. "घोडं खोटं बोलत न्हाई. कुठं दुखतंय ते त्येच्या अंगावर दिसतं. माणूस इचारल्याबरुबर खोटं बोलतो. आणि ह्यो डाक्टर त्येच खोटं कागदावर लिवून घेतो आणि त्येला औषध देतो. गुण कसा यायचा?"

त्यांना स्वतःला गाऊट होता. आक्का त्याला अंगठ्याचा वात म्हणायची. दोन-तीन महिन्यांनी केव्हातरी उजव्या पायाचा अंगठा पहाटे एकदम सुजायचा, लालबुंद व्हायचा, पिकलेल्या टोमॅटोसारखी त्याची कातडी चमकायची. मग पाच-सहा दिवस त्यावर चादरीचा भारही सहन व्हायचा नाही. म्हणून ते पायावर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घालायचे आणि त्यावरून चादर घ्यायचे. जमिनीवरून कुणी जोरात चाललं तरी त्यांना ठणका बसायचा. त्या दिवसांत मी शाळेतून आले की चपला दारातच काढायचे आणि चवड्यावर चालत आत जायचे. आपली टाच आपटते हे मला त्यांच्याकडूनच कळलं होतं.

अंगठा सुजला की ते म्हणायचे, "पावणं आल्यात." कोल्हापुरात अनोळखी माणसालासुद्धा पावणं म्हणतात, त्यामुळे पहिल्या खेपेला आईनं चहाचं आधण ठेवलं होतं.

या पाहुण्यांविषयी त्यांचं एक ठाम मत होतं. पागेत असताना एका म्हाताऱ्या वैद्यानं त्यांना सांगितलं होतं की हे दुखणं शरीरात शिरतं तेव्हा ते काळजाच्या शोधात असतं. ते अंगठ्यात अडकलं तर माणूस वाचला. औषधं घेऊन त्याला तिथून हुसकलं तर ते सरळ छातीत जातं. काका हे घराच्या भाषेत सांगायचे. "पावणं सोप्यात बसल्यात तवर माजघरात येत न्हाईत. त्यांस्नी हितंच बसवायचं, खायाप्यायाला द्यायचं. उठवायचं न्हाई."

नुसतं बोलून थांबले असते तर मी हसले असते. पण ते तसं वागायचे. अंगठा दोन महिने शांत राहिला की त्यांची झोप उडायची. सकाळी उठल्याबरोबर अंगठा दाबून बघायचे. सोप्यात बसल्या बसल्या हात छातीवर ठेवायचे, काढायचे, पुन्हा ठेवायचे. आणि मग आक्काला वजडी आणायला सांगायचे. वजडी, कलेजी, गुर्दे, सुक्या मासळीचं कालवण. चार दिवस हे पोटभर खायचे. पाचव्या-सहाव्या दिवशी अंगठा सुजला की वेदनेनं दात आवळलेले असायचे, पण चेहऱ्यावर सुटकेचा भाव असायचा. आक्का मला हळूच सांगायची, "आलं बाई एकदाचं पावणं. आता भाऊ झोपंल."

मला मात्र झोप यायची नाही.

माझे वडील अचानक गेले होते. तेव्हापासून घरात कुणाचाही श्वास जरा वेगळा ऐकू आला की मी तो मोजायला लागायचे. आईचा तर मोजायचेच. आता भिंतीपलीकडच्या जिन्याचाही मोजायला लागले. जिन्याला तेरा पायऱ्या होत्या. पहिल्या वर्षी काका रात्रीचं जेवण झालं की एका दमात वर जायचे. दुसऱ्या वर्षी आठव्या पायरीवर थांबायला लागले. तिसऱ्या वर्षी पाचवीवर एकदा आणि दहावीवर एकदा. ते थांबले की माझी वह्या तपासायची पेन्सिलही थांबायची. पाऊल परत वाजेपर्यंत मी गणितातली ओळ पुढे वाचू शकायचे नाही.

एकदा संध्याकाळी त्यांनी वहाण काढली तेव्हा मला त्यांच्या डाव्या पायावर वहाणेच्या पट्ट्याची खोल खूण दिसली. डाव्या, म्हणजे न दुखणाऱ्या पायावर. घोट्यापाशी सूज होती. मी विचारलं, "काका, हा पाय का सुजलाय?"

"बसून बसून," ते म्हणाले आणि पाय धोतराखाली घेतला.

पुढच्या गल्लीत एक तरुण डॉक्टर नुकतेच आले होते. आईचा रक्तदाब बघायला आम्ही त्यांच्याकडे जायचो. एका खेपेला आई बाहेर बाकावर बसल्यावर मी त्यांना काकांबद्दल सगळं सांगितलं. अंगठा, वजडी, तेरा पायऱ्या, डावा घोटा. डॉक्टर हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"हे सगळं अजून आम्हालाही नीट उलगडलेलं नाही," ते म्हणाले. "पण त्या अंगठ्यात जे साचतं ते आधी रक्तात असतं. आणि रक्त अंगठ्यापुरतं नसतं. अशा माणसांचा रक्तदाब वाढलेला असतो, मूत्रपिंडं दमलेली असतात, हृदयावर ताण असतो, असं पुष्कळदा दिसतं. सगळ्यांनाच होतं असं नाही. पण गाऊटचा रोगी आला की मी पायाबरोबर छातीही तपासतो. अंगठा दुखतोय म्हणून छाती सुरक्षित आहे, हे मात्र कुठल्याही पुस्तकात नाही. त्यांना घेऊन या."

घेऊन या, म्हणणं सोपं होतं. मी चार दिवस धीर गोळा केला आणि पाचव्या दिवशी सोप्यात उभी राहून डॉक्टर जे म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"माझ्या अंगठ्याची गोष्ट तुमी परक्या माणसाला जाऊन सांगितलीसा," ते म्हणाले.

"काळजी वाटली म्हणून सांगितली."

"तुमी शाळंत काळजी करा. हितं भाडेकरू हायसा."

दुसऱ्या दिवशी आक्कानं खाली मान घालून निरोप आणला की पाडव्यापर्यंत दुसरी जागा बघावी. आक्का गेल्यावर आई मला म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं नसता शहाणपणा करायला? मोठ्या मुश्किलीनं पाय टेकायला जागा मिळाली होती." आणि रडायला लागली. मला तिची समजूत घालता आली नाही, कारण तिचं बरोबर होतं. तीन आठवडे काका माझ्याशी बोलले नाहीत. मी दारातून आत आले की ते रस्त्याकडे बघायचे. आम्ही जागा शोधत होतो. रात्री जिना वाजायचा, थांबायचा. आता तर मला त्याबद्दल विचारायचाही हक्क राहिला नव्हता. पण मोजणं काही सुटलं नाही.

मग तो रविवार आला.

आक्का उचगावला नणंदेच्या घरी बारशाला गेली होती. आई देवळात गेली होती. अकराचा सुमार असेल. दोन दिवसांपूर्वी पाहुणे आले होते, त्यामुळे काका सोप्यातच बाजेवर पडून होते आणि पायावर डालगं होतं. मी आत वह्या तपासत होते.

"बाई," त्यांनी हाक मारली. एरवी त्यांचा आवाज अडतीपर्यंत जायचा. तो आवाज नव्हता हा.

"काय काका?"

"जरा ओवा असला तर द्या. छातीत वारा धरलाय."

मी फळीवरचा डबा काढला, चिमूटभर ओवा हातावर घेतला आणि तिथंच उभी राहिले.

पाच वर्षांपूर्वी सांगलीला वडिलांनी असाच ओवा मागितला होता. कचेरीतून लवकर घरी आले, म्हणाले, पित्त झालंय, छाती भरून आलीय. मी त्यांना ओवा दिला, वर गरम पाणी दिलं, पाठीला तेल चोळलं. ते म्हणाले, आता बरं वाटतंय. डॉक्टरला बोलवावं असं आमच्या कुणाच्याच मनात आलं नाही. तासाभरानं ते गेले. ओव्यानं कुणी मरत नाही हे मला माहीत होतं. पण तो एक तास माझ्याजवळ होता आणि मी तो पाठ चोळण्यात घालवला, हेही मला माहीत होतं. आईला मी हे कधी बोलून दाखवलं नव्हतं.

मी सोप्यात आले. काकांचा चेहरा राखेसारखा झाला होता. कपाळावर घाम होता, आणि दिवस तर थंडीचे होते. उजव्या हातानं ते डावा दंड चोळत होते.

"ओवा कुठाय?"

"देणार नाही," मी म्हणाले. "डॉक्टरांना आणते."

"काय न्हाई आणायचं." त्यांनी हात लांब करून डालगं बाजूला सारलं. "ह्यो बघा अंगठा. कसा फुललाय बघा की. पावणं सोप्यात हायत बाई. आत कोन जातंय?"

"हात दुखतोय का?"

"न्हाई," ते लगेच म्हणाले. चोळणं चालूच होतं.

"खोटं बोलताय काका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्या पायांकडे न बघता तोंडाकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. भीती होती. इतकी उघडी भीती मी मोठ्या माणसाच्या डोळ्यांत त्याआधी पाहिली नव्हती.

"उठू नका. हलू नका," एवढं सांगून मी तशीच अनवाणी रस्त्यावर आले आणि धावत सुटले. धावताना एकच विचार होता. मी परत येईन तेव्हा ते असतील का. आणि नसले, तर मी त्यांना एकटं टाकून गेले असं होईल का.

डॉक्टर जेवायला बसले होते. मी दारातून दोन वाक्यं बोलले असेन. ते हात धुऊन पिशवी घेऊन निघाले, ताट तसंच राहिलं.

काका होते. डॉक्टरांना बघून त्यांनी दोन्ही हात छातीवर धरले, जणू कुणी सदरा ओढायला आलंय. "हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. आवाज तुटत होता.

डॉक्टरांनी हात लावला नाही. खुर्ची ओढून बाजेजवळ बसले. मला वाटलं, हे वेळ घालवतायत. मी काही बोलणार तेवढ्यात ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही घोड्यांचे डॉक्टर ना? मला एक सांगा. घोड्याच्या खुरांत आग उतरते, त्याला उभं राहवत नाही, असं घोडं तुमच्याकडे आणलं तर तुम्ही काय बघायचात?"

समोरून गुळाची गाडी गेली. ती पूर्ण जाईपर्यंत डॉक्टर थांबले.

"चंदी जादा झाली का बघायचो," काका शेवटी म्हणाले. घोड्याच्या दाण्याला चंदी म्हणतात.

"आणखी?"

"पोट. नाडी." मग म्हणाले, "छातीला कान लावायचो."

"आग तर खुरात आहे. छातीला कशाला?"

काकांनी डोळे मिटले. मग स्वतःच्या हातानं सदऱ्याची वरची गुंडी काढली, मग दुसरी. तिसरी त्यांना जमेना, ती मी काढली.

"लावा नळी," ते म्हणाले.

हृदयविकाराचा झटका होता. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि सांगितलं की टांग्याचे धक्के बसता कामा नयेत, यांना झोपवूनच दवाखान्यात न्यायचं. समोरच्या अडतीतले चार हमाल आले आणि त्यांनी काकांना बाजेसकट उचललं. पायावर डालगं, त्यावर चादर. अशी ती बाज भर दुपारी रस्त्यानं निघाली. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. मी एका बाजूनं चालत होते आणि त्यांच्या छातीवरची चादर वरखाली होतेय का एवढंच बघत होते. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली होती. तरी अर्ध्या वाटेत काका पुटपुटले. मी कान जवळ नेला.

"फुडचा डावा लंगडतोय," ते म्हणाले. "त्येला बदला."

दवाखान्यात त्यांना सहा आठवडे पाठीवर झोपवून ठेवलं. पहिले दहा दिवस काही खरं नव्हतं. मी शाळा सुटली की रोज जायचे आणि वॉर्डाच्या दारात आधी थांबून त्यांची खाट भरलेली आहे ना ते बघायचे. भरलेली दिसली की मगच आत जायचे. आक्का त्यांच्या उशापाशी बसून असायची. एकदा तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "मीच त्येला वजडी रांधून घालत हुतो बाई. खुशीत खायचा. मला काय ठावं." मी तिला म्हणाले, आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि त्याच सुरात, कधी नव्हे ते, वडिलांच्या ओव्याची गोष्ट तिला सांगून टाकली. काका डोळे मिटून पडले होते. झोपले असतील असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी आक्का चहाला खाली गेल्यावर ते आपणहून बोलायला लागले.

"एक घोडी व्हती पागेत. पांढरी, लई गुणाची. तिच्या खुरांत आग उतरली. मी आठ दिस तिला तळ्यात उभी केली, खुरांस्नी माती बांधली. खुरं निवली. मालकांस्नी सांगितलं, घोडी बरी झाली. नवव्या दिशी चंदी खाता खाता पडली ती उठलीच न्हाई. मी तिच्या छातीला एकदा बी कान लावला न्हवता." त्यांनी मान वळवून दाराकडे बघितलं. "वहीत लिवलं, वय झालं म्हणून मेली. नऊ वर्साची व्हती."

मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली.

"तवापास्नं कान लावायला शिकलो. परत्येक घोड्याला. मला ठावं व्हतं बाई, पावणं काय सोप्यात बसून ऱ्हात न्हाईत. त्यो वैद्य बोलला त्ये मला बरं वाटलं, म्हणून धरून बसलो. माझ्या छातीला कोन कान लावणार? लावला आणि आत काय निघालं म्हंजे?"

मग म्हणाले, "तुमचं वय किती व्हतं, वडील गेलं तवा?"

"अठरा."

"मी सलोत्री व्हतो. पगार घेत व्हतो त्येचा." एवढंच बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मी घरी येईपर्यंत मला त्या वाक्याचा अर्थ लागला नव्हता. लागला तेव्हा मी आईजवळ जाऊन बसले, आणि पाच वर्षांत जे बोलले नव्हते ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मीच तर तुला ओव्याचा डबा काढून दिला होता." ते मी साफ विसरले होते. ती विसरली नव्हती.

पाडव्याच्या जागेचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

घरी आल्यावर काका जिना चढले नाहीत. सोप्यातच बाज टाकली. डॉक्टरांचं कडू औषध घ्यायला लागले, बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी असायची आणि ते ती बोटानं मोजायचे. मटण सुटलं. दुधीभोपळ्याची भाजी ते घोड्याला औषध पाजल्यासारखी डोकं मागं करून गिळायचे. अंगठा हळूहळू गप्प झाला. पुढच्या तीन वर्षांत तो दोनदाच सुजला.

पण त्यांची भीती गेली नाही, आणि माझीही. उलट आता अंगठा काहीच सांगत नव्हता. एकदा ते डॉक्टरांना म्हणाले, "आदी निदान आंगठ्याला इचारत व्हतो. आता कुणाला इचारू?" डॉक्टर म्हणाले, "मला विचारा. महिन्यातून एकदा या." ते दर महिन्याला जायला लागले. आदल्या दिवशी त्यांना जेवण जायचं नाही. परत आले की सोप्यात बसून आधी घामेजलेला सदरा बदलायचे, मग आक्काला आकडा सांगायचे, आणि आक्का तो मला येऊन सांगायची. घरातली आम्ही चारही माणसं त्या आकड्यावर पुढचा महिना काढायचो.

आणि त्यांना एक नवीनच खोड लागली. रस्त्यानं लंगडत जाणारा माणूस दिसला की ते हाक मारायचे. "पावणं, जरा थांबा. आंगठा का टाच?" टाच म्हणाला तर सोडून द्यायचे. अंगठा म्हणाला तर वहाण काढायला लावायचे, वाकून बघायचे, आणि त्याला घेऊन डॉक्टरांकडे निघायचे. माणूस म्हणायचा, पायाला लेप लावलाय, उतरंल. काका म्हणायचे, "पाय न्हाई दाखवायचा. छाती दाखवायची." काहीजण शिव्या देऊन जायचे. काहींना वाटायचं, म्हातारा भ्रमिष्ट आहे. पण पाच-सहा माणसं तरी त्यांनी त्या दवाखान्यात नेऊन बसवली. त्यातल्या एका अडत्याचा रक्तदाब इतका वाढलेला निघाला की डॉक्टरांनी त्याला तिथूनच घरी पाठवून महिनाभर झोपवला.

ते गेले त्या दिवशी मी शाळेत होते. नंतर डॉक्टरांनी सांगितलं ते असं. सकाळी दहाच्या सुमारास काका एका माणसाला घेऊन आले. तो गगनबावड्याकडचा होता, बाजाराला आलेला, पायाला फडकं बांधलेला. बाकावर आधीच तिघं-चौघं होते. डॉक्टर दारात आले तेव्हा काका नेहमीपेक्षा पांढरे दिसले, म्हणून ते म्हणाले, "सलोत्री, तुम्ही आधी आत या." काका म्हणाले, "मी हितंच हाय. आदी ह्यांस्नी बघा, ह्यांची गाडी हाय दुपारची." डॉक्टरांनी त्या माणसाला आत घेतलं, पाय बघितला, छाती तपासली, औषध लिहून दिलं. दहा-बारा मिनिटं लागली असतील. बाहेर आले तेव्हा काका भिंतीला डोकं टेकून बसले होते. शेजारच्या बाईला वाटलं होतं, डुलकी लागली.

डॉक्टर माझ्याशी बोलताना सारखे तेच म्हणत होते, मी त्यांचं ऐकायला नको होतं. ती दहा मिनिटं आता त्यांच्याजवळ राहणार होती, हे मला कळत होतं.

दहाव्या दिवशी दुपारी एक माणूस दारात येऊन उभा राहिला. डोक्याला फेटा, हातात तांदळाची लहानशी पिशवी. मी आणि आक्का सोप्यात होतो. त्यानं पिशवी उंबऱ्याशी ठेवली.

"त्या दिशी मलाच घिऊन गेलते," तो म्हणाला. "मला नाव बी ठावं न्हवतं त्येंचं. रस्त्यात धरलं आणि चला म्हनले. मी वाटंत लई भांडलो त्येंच्यासंगट."

आक्काचे डोळे त्याच्या पायांवर होते.

"डाक्टर म्हनाले, छातीतबी बिगाड हाय. वर्सभर औषध घ्यावं लागंल म्हनले."

"मग घेताय न्हवं?" आक्कानं विचारलं.

"घेतो की."

"रोज?"

तो जरा घुटमळला. "मधी दोन दिस राह्यलं."

आक्का उठली. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि पदरानं पुसली.

"बसा हितं," ती म्हणाली. "चा घ्या. मग मी येतो तुमच्यासंगट डाक्टरकडं."